कोरडवाहू अंगणात तरवड: ओळखण्यापासून फुलेपर्यंत

चिपळूणहून माण तालुक्यात बदली होऊन आल्यावर दहिवडीजवळच्या मुरमाड जागेत आम्ही घर बांधले आणि पहिल्याच वर्षी मी माहेरच्या आठवणीने जास्वंद, मोगरा, अनंत आणि अबोली लावली. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथली ही झाडे जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या प्रदेशात जगवायची म्हणजे रोज पाणी हवे. मार्च संपता संपता आमच्या बोअरचे पाणी तासाभरावर आले तेव्हा पिण्याचे पाणी आधी आणि झाडे नंतर, असे ठरवावे लागले. मे महिन्यात त्यांतले एकही झाड उरले नव्हते.

त्याच वर्षी घटस्थापनेच्या सकाळी म्हसवड रस्त्याच्या कडेला शेजारच्या आजी आणि त्यांच्या सुना घटाच्या माळेसाठी फुले तोडताना दिसल्या. कमरेएवढी झुडपे, प्रत्येक फांदीच्या टोकाला हळदीसारख्या पिवळ्याधमक फुलांचे झुबके आणि खाली नुसता मुरूम. शेळ्यांचा कळप त्याच झुडपांमधून वाट काढत गेला, पण एकाही शेळीने पानाला तोंड लावले नाही. हे झाड तरवड असल्याचे आजींनी सांगितले. वर्षभर मी रोज त्याच रस्त्याने ये-जा करत होते आणि फुलझाडांसाठी साताऱ्याच्या रोपवाटिकेत खेटे घालत होते.

आता माझ्या कुंपणाला तरवडाची पूर्ण रांग आहे. ती उभी करताना ज्या चुका झाल्या त्या आपल्याकडून होऊ नयेत, म्हणून बी गोळा करण्यापासून छाटणीपर्यंतचा क्रम येथे देत आहे. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी, पाटोदा अशा कमी पावसाच्या पट्ट्यात ज्यांनी नुकतीच जागा घेतली आहे, त्यांना तो जसाच्या तसा वापरता येईल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मात्र या झाडाचा हट्ट धरू नये, कारण सतत ओली राहणारी जमीन त्याला मानवत नाही.

१. आधी झाड नीट ओळखा

या पायरीला घाई करू नका. पिवळ्या फुलांची, चिंचेसारख्या संयुक्त पानांची अनेक झाडे आपल्याकडे आहेत आणि चुकीच्या झाडाचे बी गोळा केले तर ते वर्षभराने कळते.

तरवडाचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत ते कॅशिया ऑरिक्युलाटा या नावाने सापडेल, कारण लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅशिया वंशात घातले होते. ऑरिक्युलाटा म्हणजे लहान कान असलेले, आणि ओळखीची पहिली खूण हीच आहे. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर, पानासारखी हिरवी उपपर्णे असतात. बहुतेक झाडांची उपपर्णे बारीक असतात आणि लवकर गळून जातात. तरवडाची मोठी असतात आणि पान असेपर्यंत टिकतात. फूल नसलेल्या दिवसांतही या कानांवरून झाड ओळखता येते.

दुसरी खूण पाहण्यासाठी एक पान हातात धरून उजेडाकडे वळवा. मधल्या शिरेवर पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, साधारण आठ ते बारा जोड्या दिसतील आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये टाचणीच्या टोकासारखी एक उभी, बारीक ग्रंथी दिसेल. त्यातून गोड रस पाझरतो, म्हणून पानांवर मुंग्यांची ये-जा असते. मुंग्या पाहून कीड लागली असे समजून औषध फवारू नका.

फूल साधारण पाच सेंटिमीटर रुंद असते. पाच पाकळ्या, कडेला किंचित चुरगळलेल्या, आणि त्यांवर शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. आत दहा पुंकेसर असतात, पण त्यांतले वरचे तीन वांझ असतात. खालचे लांब पुंकेसर आणि वाकडा स्त्रीकेसर बाहेर झुकलेले असतात. या फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते, आणि काळा भुंगा फुलाला लटकून जोरात अंग थरथरवतो तेव्हा त्या छिद्रातून पराग त्याच्या पोटावर सांडतात. सकाळी आठच्या सुमारास झुडपाजवळ शांत उभे राहिलात तर ती थरथर ऐकू येते. भुंगा उडताना जो आवाज करतो त्यापेक्षा हा आवाज चढा आणि तुटक असतो. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा शाळेला उशीर होईपर्यंत तिथेच उभी होते.

शेंग चपटी, पातळ, साधारण बोटाएवढी लांब असते आणि वाळल्यावर कागदासारखी होते. आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून मोजता येतात.

२. सारखी दिसणारी झाडे वगळा

टाकळा पावसाळ्यात उगवतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. त्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली असते. ही भाजी आपण खातो, त्यामुळे तो ओळखणे सोपे आहे.

कासविंदा अधिक फसवा आहे. पर्णिका टोकदार, जोड्या चार-पाच, पान चुरगळले की उग्र वास, आणि ग्रंथी फक्त देठाच्या तळाशी एकच. याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांनी या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होऊन मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. घरात लहान मुले असतील तर हे झाड अंगणात ठेवू नका आणि त्याचे बी तरवडाच्या बियांत मिसळले जाणार नाही याची काळजी घ्या.

तिसरे आहे सेना युनिफ्लोरा, अमेरिकेतून आलेले तण. आपल्या पठारावर रस्त्याकडेला ते आता सर्रास दिसते. पर्णिका तीन ते पाच जोड्या, अंगावर तांबूस लव आणि फुले अगदी लहान. तरवडाच्या जाळीतच ते उगवलेले असते, म्हणून शेंगा ओरबाडून घेताना त्याचे बीही झोळीत येते.

रोपवाटिकेत गेलात तर आणखी एक अडचण येते. मी एका रोपवाटिकेत तरवड मागितला तेव्हा मला कॅशिया म्हणून जे रोप दिले गेले ते बागांमध्ये शोभेसाठी लावतात ते दुसरेच झाड निघाले. दुसऱ्या ठिकाणी, पाण्याशिवाय वाढणारे पिवळे फूल हवे ना, म्हणून टेकोमा पुढे केला. टेकोमाचे फूल कर्ण्यासारखे असते, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि हे झाडही परदेशी असून त्याचे बी वाऱ्याने दूरवर पसरते. दोन्ही ठिकाणी विकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तरवडाला गिऱ्हाईकच नसल्याने ते रोप कोणी तयार करत नाही. रोप विकत घ्यायचेच असेल तर उपपर्णांचे कान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. जागा कशी निवडावी

तरवडाला दिवसभर ऊन हवे. इमारतीच्या सावलीत तो वाढतो पण उंच, किरकोळ होतो आणि फुलत नाही. जमीन मुरमाड, बरड, खडकाळ, किंचित चुनखडीची असली तरी चालते. काळ्या जमिनीतही तो येतो, मात्र तिथे पाणी साचते त्या सखल भागात लावू नका; बांधावर किंवा फूटभर उंच वरंब्यावर लावा. पाण्याच्या ताणाने माझे एकही मोठे झाड मेले नाही, पण न्हाणीचे पाणी जिथे मुरते त्या कोपऱ्यातली दोन झाडे मुळे कुजून गेली.

झाड साधारण दीड ते दोन मीटर उंच आणि जवळजवळ तेवढेच रुंद होते. कुंपणासाठी दोन झाडांत दोन ते तीन फूट अंतर ठेवा; एकेकटे झुडूप डौलदार दिसावे असे वाटत असेल तर पाच फूट ठेवा.

येथे एक विनंती करते. तरवड उत्साहाने लावावा, पण आपल्या अंगणात, कुंपणाला, शेताच्या बांधावर किंवा खणून उघड्या पडलेल्या उतारावर. मोकळ्या गवताळ माळरानावर बियांचे गोळे फेकण्याचे उपक्रम अलीकडे बरेच होतात. त्यांत हे बी देऊ नका. माळरान म्हणजे पडीक जमीन असा समज आहे, पण गवताळ प्रदेशाची स्वतःची जीवसृष्टी असते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करावे लागले ते अशाच गवतासाठी. तिथे झाडोरा वाढवणे म्हणजे त्या पक्ष्यांची आणि लांडग्यांची जागा कमी करणे होय.

४. साहित्य आणि परवानग्या

साहित्य थोडेच लागते:

• कापडी पिशवी आणि कागदी पाकिटे, बी गोळा करून साठवण्यासाठी. प्लॅस्टिकच्या पिशवीत शेंगांना घाम येऊन बुरशी धरते.
• खरखरीत पॉलिश पेपर, सुताराकडे मिळतो तो.
• रोपांच्या काळ्या पिशव्या, शक्य तितक्या उंच. तळाला आणि बाजूला भोके असावीत.
• चाळलेला मुरूम किंवा वाळू, शेतातली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत.
• पहार, कुदळ, घमेले, आणि झारी.
• आळ्यावर पसरण्यासाठी मुठीएवढे दगड.

परवानग्यांचा विषय लहान असला तरी टाळू नका. राखीव वनातून बी, साल किंवा रोप परवानगीशिवाय आणणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि आपल्याकडे रस्त्यालगतचे पुष्कळ उजाड डोंगर वनखात्याच्या ताब्यात असतात. हद्दीचे दगड दिसले नाहीत तरी तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे विचारून घ्या. खासगी बांधावरून शेंगा घेताना मालकाला सांगा. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, उलट चहा मिळाला आहे. घरासमोर रस्त्याच्या कडेला लावायचा असेल तर गावातल्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोठ्या रस्त्याच्या बाबतीत तो रस्ता ज्या खात्याकडे आहे त्याला विचारा, नाहीतर रुंदीकरणात दोन वर्षांची मेहनत एका दिवसात जाते. कुंपण स्वतःच्या हद्दीत येते की नाही याची शंका असेल तर आधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाहून घ्या.

५. बी केव्हा आणि कसे गोळा करावे

फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून भरात येतात आणि पुढे तुरळक वर्षभर दिसतात. शेंगा साधारण डिसेंबर ते मार्च या काळात पिकतात. हिरवी शेंग तोडून वाळवली तर बी सुरकुततात, म्हणून शेंग तपकिरी होऊन वाऱ्यावर खुळखुळू लागेपर्यंत थांबा. एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा घेण्यापेक्षा आठ-दहा झुडपांच्या थोड्या थोड्या घ्या; त्यामुळे पुढच्या रांगेत विविधता येते आणि मूळ जागेवरही बी राहते.

घरी आणल्यावर शेंगा वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस सावलीत ठेवा आणि मग हाताने चुरून, सुपाने पाखडून बी वेगळे करा. आता प्रत्येक बी पाहा. ज्यावर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक असेल ते काढून टाका, कारण शेंगेतच लहान भुंगेऱ्याची अळी त्या बीत वाढून बाहेर पडलेली असते. उरलेले बी पाण्याच्या वाटीत टाका. तरंगणारे बहुधा पोकळ असते. चांगले बी पुन्हा कोरडे करून पाकिटात भरा आणि त्यावर गाव, महिना आणि वर्ष लिहून ठेवा.

६. बी जागे करणे

सर्वाधिक लोक या टप्प्यावर निराश होतात. माझेही तसेच झाले. पहिल्या वर्षी मी बी न घेता बांधावरची वीतभर रोपे कुदळीने काढून आणली होती आणि आठवड्यात ती सगळी माना टाकून बसली. शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “बाई, तरवाड उपटून लागत न्हाई. मूळ लई खोल असतंय त्याचं. बी टाका.” रोप वर वीतभर असते तेव्हा त्याचे सोटमूळ खाली हातभर गेलेले असते आणि कुदळीने ते तुटतेच.

मग मी बी टाकले आणि तेही उगवले नाही. तरवडाच्या बीचे टरफल पाणी आत शिरू देत नाही. निसर्गात हे योग्यच आहे, कारण सगळे बी पहिल्याच सरीला उगवले आणि नंतर महिनाभर उघडीप पडली तर एकही रोप वाचणार नाही. ऊन, दगडमातीची घासण आणि दोन-तीन पावसाळे यांनी टरफल झिजते आणि बी टप्प्याटप्प्याने उगवते. आपल्याला ते काम एका रात्रीत करायचे असते आणि त्यासाठी दोन रीती आहेत.

घासण्याची रीत थोड्या बियांसाठी उत्तम आहे. पॉलिश पेपरचा तुकडा पाटावर ठेवा, त्यावर बी टाका, वरून दुसरा तुकडा ठेवून तळव्याने गोल गोल घासा. चकाकी जाऊन बी मंद दिसू लागले की थांबा. आतला पांढरा भाग उघडा पडेपर्यंत घासू नका. घासलेले बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा.

मोठ्या प्रमाणावर बी असेल तर गरम पाण्याची रीत वापरा. पातेल्यात पाणी उकळवा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि मग बियांच्या चार-पाचपट पाण्यात बी टाकून झाकण ठेवा. ते रात्रभर तसेच निवू द्या. बी पाण्यात असताना पातेले पुन्हा आचेवर ठेवू नका. तसे केल्याने अंकुर शिजतो.

कोणतीही रीत वापरली तरी सकाळी बी भिजून जवळजवळ दुप्पट फुगलेले दिसायला हवे. फुगलेले बी लगेच पेरा, ते पुन्हा वाळवू नका. जे फुगले नाही ते वेगळे काढून त्याला पुन्हा घासा. मी एका वर्षी अर्धे बी न घासता आणि अर्धे घासून शेजारच्या पिशव्यांत लावले होते. घासलेल्यांपैकी बहुतेक दोन आठवड्यांच्या आत वर आले, तर न घासलेल्यांच्या पिशव्यांत पुढच्या पावसाळ्यापर्यंत एखाद-दुसरेच रोप उगवत राहिले.

७. पिशवीत रोपे करावीत की थेट पेरावे

ज्या जागी पावसाळ्यात आपण राहणार आहात आणि गुरे-कोंबड्यांचा त्रास नाही तिथे थेट पेरणी सर्वांत चांगली, कारण सोटमूळ एकदाही न वळता खाली जाते. एका ठिकाणी तीन-चार बी, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोलीवर टाका आणि पुढे सशक्त एक रोप ठेवून बाकीची मुळाशी कापा. उपटू नका, शेजारच्याचे मूळ हलते.

पिशवीत करायची असतील तर एप्रिल-मे महिन्यात लावा. त्याआधी लावलेली रोपे लागवडीपर्यंत पिशवीच्या तळाशी मूळ गोल गोल गुंडाळून बसतात आणि अशी रोपे जमिनीत गेल्यावरही मूळ सरळ करत नाहीत. मिश्रणात निम्मा मुरूम किंवा वाळू, उरलेल्यात माती जास्त आणि शेणखत अगदी थोडे. पिशव्या जमिनीवर ठेवण्यापेक्षा विटांवर ठेवा, म्हणजे मूळ पिशवीतून जमिनीत शिरणार नाही. पाणी सकाळी एकदा, तेही वरची माती कोरडी झाल्यावर. पाणी जास्त झाले की कोवळ्या रोपांचे खोड मातीलगत काळे पडून कोलमडते.

८. लागवडीची वेळ आणि पद्धत

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. आपल्या पट्ट्यात जूनमध्ये एक-दोन जोरदार वळीव येतात, सगळे आनंदाने रोपे लावतात आणि मग जुलै कोरडा जातो. माण-खटावकडे भरवशाचा पाऊस बहुतेक वेळा परतीचा, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांतला असतो. म्हणून मी पिशवीतली रोपे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला लावते, खड्डे मात्र मे महिन्यातच खणून तापू देते. थेट पेरणी जमिनीत वीतभर ओल उतरल्यावरच करावी, मग महिना कोणताही असो.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. मुरमाड जमिनीत त्याच्या तळाला पहारीने आणखी हातभर भोक पाडा. सोटमुळाला खाली जाण्याची वाट मिळते आणि माझ्या मते संपूर्ण लागवडीत याहून उपयोगी काम दुसरे नाही. निघालेलीच माती अर्धे घमेले जुन्या शेणखतात मिसळून परत भरा. बाहेरून लाल माती विकत आणण्याची गरज नाही. रासायनिक खत देऊ नका, त्याने पाला माजतो आणि फुले कमी येतात.

पिशवी ब्लेडने दोन्ही बाजूंनी चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच ठेवा. उतार असेल तर खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला, म्हणजे वरून येणारे पाणी आळ्यात थांबेल. आळ्यावर मुठीएवढे दगड पसरा. आमच्याकडे वाळवी फार आहे आणि वाळलेल्या काडीकचऱ्याचे आच्छादन केले की ती रोपापर्यंत येते. दगडांखाली ओल तितकीच टिकते आणि हा धोका राहत नाही.

तरवड शेंगवर्गीय असल्यामुळे तो जमिनीत नत्र साठवतो असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. सेना वंशातील झाडांच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या जीवाणूंच्या गाठी येत नाहीत, त्यामुळे तेवढ्या कारणासाठी तो भाजीच्या वाफ्याशेजारी लावू नये.

९. पहिला उन्हाळा

दुष्काळ सोसणारे झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून पाण्याशिवाय जगणारे झाड, हा गैरसमज अनेक रोपांचा जीव घेतो. मूळ खोल ओलीपर्यंत पोहोचेपर्यंत तरवडही इतर रोपांसारखाच नाजूक असतो. परतीचा पाऊस थांबल्यावर पंधरा दिवसांनी एकदा आणि फेब्रुवारीपासून आठ-दहा दिवसांनी एकदा, प्रत्येक रोपाला चार-पाच लिटर पाणी संध्याकाळी सावकाश द्या. रोज तांब्याभर पाणी देण्याने मुळे वरच्या थरातच राहतात, आणि एखादा आठवडा गावाला गेलात की झाड जाते.

एप्रिलमध्ये काही रोपांची पाने गळतील. नखाने खोडाची साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर रोप जिवंत आहे. मी हे न पाहता चार रोपे मेली म्हणून काढून टाकली होती आणि कचऱ्याच्या ढिगावर पडलेल्या त्यांतल्या एकाला वळवाच्या पावसानंतर कोंब आलेला पाहून मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी पूर्ण बंद करा.

१०. छाटणी आणि किडी

तरवडाची फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. छाटणी केलीच नाही तर झुडूप खालून उघडे पडते आणि फुले डोक्यावरून वर जातात. शेंगा पिकून झाल्यावर, साधारण मार्चनंतर आणि पावसाच्या आधी, प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी करा. जुने झाड जमिनीपासून फूटभरावर कापले तरी ते जोमाने फुटते. साल मात्र सोलू नका. या सालीत टॅनिन भरपूर असते आणि दक्षिण भारतात, विशेषतः तामिळनाडूत, चामडे कमावण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पण उभ्या फांदीची साल काढली तर ती फांदी वाळते.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. पिवळ्या आणि फिकट पांढऱ्या फुलपाखरांच्या काही जाती या वंशातील झाडांवर अंडी घालतात. पाने खाल्ली गेली तरी पंधरा दिवसांत नवी येतात, म्हणून फवारणी करू नका. फवारणीने भुंगेही जातात, आणि भुंग्यांवाचून शेंगा भरत नाहीत.

शेळ्या-गुरे पाला खात नाहीत हे खरे आहे, आणि उजाड माळावर हे झाड टिकून राहते त्यामागे तेच मोठे कारण आहे. तरीही वीतभर रोप त्यांच्या पायाखाली तुडवले जाते. पहिली दोन वर्षे बाभळीच्या काट्यांचे कुंपण करा.

११. फुले तोडताना आणि वापरताना

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास पहिले झुबके दिसतील. घटाच्या माळेसाठी फुले सकाळी लवकर तोडा आणि ओल्या फडक्यात ठेवा, कारण दुपारपर्यंत पाकळ्या मलूल होतात. फुलदाणीत ही फुले टिकत नाहीत. संपूर्ण झुबका कापण्याऐवजी उमललेलीच फुले खुडली तर त्याच झुबक्यातल्या कळ्या पुढच्या माळांना पुरतात. नऊ माळांसाठी मला चार झुडपे पुरेशी होतात. तेलंगणात तर बतुकम्माच्या सणाला याच फुलांची रास रचतात. तिथे त्याला तंगेडु म्हणतात आणि २०१४ मध्ये ते त्या राज्याचे राज्यपुष्प ठरले. आमच्याकडे सोलापूरमार्गे आलेल्या एका तेलुगू कुटुंबाने कुंपणाबाहेर थांबून फुले मागितली तेव्हा मला हे प्रथम कळले.

आयुर्वेदात हे झाड आवर्तकी या नावाने येते आणि वाळलेल्या फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची पद्धत दक्षिणेत आहे. आपण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा काढा सुरू करू नका, साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. आणि दुसऱ्या कोणी गोळा केलेल्या मिश्र बिया, पाला किंवा शेंगा पोटात घेऊ नका. कासविंद्याबद्दल वर लिहिले आहेच.

नवरात्रानंतर प्रत्येक झुडपाच्या खालच्या दोन-तीन फांद्यांना दोरा बांधून ठेवा आणि त्यांवरची फुले तोडू नका. फेब्रुवारीत याच फांद्यांवरच्या शेंगा पुढच्या वर्षीच्या बियांसाठी काढायच्या असतात, आणि शेजारी बी मागायला येतात तेही त्याच सुमारास.